आतापर्यंतची सर्वोत्तम मराठी मालिका कोणती? तुमच्या पहिल्या पाच क्रमाने सांगाल का?

पाच नावं लिहून मोकळं व्हायला दोन मिनिटं लागली असती. पण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा येऊन गेलाय आणि त्याने अख्खी रात्र खाल्लीय. ते सांगितल्याशिवाय माझा क्रम तुम्हाला पटायचा नाही. (सांगूनही पटेलच असं नाही.)

गाव आमचं कुडाळकडचं. गणपतीला डोंबिवली, पुणे, म्हापसा अशी पांगलेली सगळी भावंडं घरी जमतात. दोन वर्षांमागची गोष्ट. दुसऱ्या रात्री भजनवाले आमच्याकडची आरती आटोपून पुढच्या घरी गेले आणि लाइट गेली. पडवीत समईचा उजेड, मोबाइलची बॅटरी प्रत्येकाला राखायची होती, आणि वहिनी सहज 'वादळवाट'चं शीर्षकगीत गुणगुणायला लागली. धाकट्या बहिणीने 'आभाळमाया'चं सुरू केलं. कुठलं भारी यावरून जुंपली. दोन्ही गाणी मंगेश कुळकर्णींनी लिहिलेली आणि अशोक पत्कींनी चाल दिलेली, म्हणजे भांडण घरातल्या घरातच होतं, हे मी सांगून बघितलं. कोणी ऐकलं नाही. गाण्यावरून गाडी मालिकांवर आली आणि मतदान घ्यायचं ठरलं.

मतपत्रिका म्हणून काळे वाटाणे. स्वयंपाकघरातून डबा आणला, खिरीच्या वाट्या मांडल्या, प्रत्येक वाटीखाली नावाची चिठ्ठी. माणशी पाच वाटाणे, हवे तर पाचही एकाच वाटीत टाका.

एक वाटाणा पडायच्या आत तासभर वाद. भाच्याला वेबसीरिज हव्या होत्या, त्याला गप्प केलं. मोठ्या काकांचं म्हणणं, 'चिमणराव गुंड्याभाऊ' नसेल तर यादीला अर्थच नाही. आता दूरदर्शनवरची सत्तरच्या दशकातली कृष्णधवल मालिका आमच्यातल्या किती जणांनी बघितली असणार? "तुम्ही बघितली नाही ही तिची चूक का?" असं म्हणून त्यांनी आपले पाचही वाटाणे मुठीत घट्ट धरले ते शेवटपर्यंत. भाच्याचं दैवत 'दिल दोस्ती दुनियादारी', वहिनीचं 'वादळवाट', पुण्याच्या चुलतभावाचं 'राजा शिवछत्रपती'. प्रत्येक जण आपल्या मालिकेचा पहिला महिना आठवून बोलत होता. पहिला महिना कुठल्या मालिकेचा वाईट असतो हो? प्रोमोवर खर्च झालेला असतो, लेखकाकडे गोष्ट असते, कलाकार ताजेतवाने असतात.

म्हणून मी म्हटलं, आवडली की नाही ते राहू दे. तू ती कुठे सोडलीस ते सांग.

या प्रश्नाने माणसं एकदम खरं बोलायला लागली. वर्गणीच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून घेतलं, ते पान अजून माझ्याकडे आहे. 'होणार सून मी ह्या घरची' 2013 ला सुरू झाली तेव्हा आमच्या चाळीत त्या वेळेला नळाला पाणी आलं तरी बाया उठायच्या नाहीत. "काहीही हं श्री" हे वाक्य तर मालिका न बघणाऱ्यांच्याही तोंडी बसलं होतं. पण सोडली कुठे, तर सात जणांचं एकच उत्तर: जान्हवीच्या बाळंतपणाला. ते गरोदरपण संपता संपेना आणि व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला. 'माझ्या नवऱ्याची बायको' कोणी शनायाचं काम करणारी नटी बदलली तेव्हा सोडली, कोणी ती परत आली तेव्हा. 'तुझ्यात जीव रंगला'बद्दल चुलतभाऊ म्हणाला, राणादा बोलायला लागला तेव्हा. आम्ही विचारलं, म्हणजे? "पहिल्यांदा तो कमी बोलायचा, तेच बरं होतं."

'असंभव' मात्र पडवीतल्या एकानेही सोडली नव्हती. मधेच मानसी साळवी जाऊन शुभ्रा म्हणून ऊर्मिला कानेटकर आली, तरीही नाही. मागच्या जन्माची गोष्ट, आणि नीलम शिर्केची सुलेखा. बहीण म्हणाली, ती बाई पडद्यावर यायची तेव्हा मी आईचा पदर धरून बसायचे, आणि मी तेव्हा कॉलेजात होते.

पान भरल्यावर एक गंमत दिसली. शेवटपर्यंत बघितलेल्यांत 'असंभव', 'अग्निहोत्र' आणि 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ही तिन्ही नावं होती, आणि तिन्हींचा दिग्दर्शक एकच, सतीश राजवाडे. आमच्यातल्या कोणाच्या हे आधी लक्षातही आलेलं नव्हतं.

मालिका का ताणतात याचं उत्तर लोक लेखकाच्या माथी मारतात. तो बिचारा एकटा नसतोच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात, पूर्वी टॅमचे यायचे, आता बार्कचे. आकडा चढला की तो ट्रॅक लांबतो, उतरला की लग्न, अपघात, स्मृतिभ्रंश यांतलं काहीतरी पुढच्या आठवड्यात हजर. हातात आधीच शूट करून ठेवलेल्या चार-पाच भागांची बँक असेल तर नशीब, नाहीतर आज लिहिलेलं उद्या शूट होतं आणि परवा दिसतं. वर अधूनमधून महाएपिसोड. चाललेली मालिका कोण कशाला बंद करील? सेट उभा आहे, वेळ मिळालेली आहे, लोकांना सवय लागलेली आहे. चांगली चालणं हाच तिचा रोग. चालली नाही तर निदान वेळेवर संपते तरी.

'कुठे सोडलीस' या माझ्या प्रश्नावर मी जाम खूश होतो. तेवढ्यात इतका वेळ आतल्या दारात भाजी चिरत बसलेली काकी बोलली.

"आणि 'चार दिवस सासूचे'?"

मी विचारलं, ती कुठे सोडलीस?

"मी खंय सोडूक? मी सोडूकच नाय."

2001 पासून 2013 पर्यंत ईटीव्ही मराठीवर चाललेली, तीन हजारांवर भागांची मालिका. रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख, कविता लाडची अनुराधा. माझा एक चुलतभाऊ ती सुरू झाली तेव्हा पहिलीत होता आणि संपली तेव्हा डिप्लोमाला होता. आणि काकीने ती अख्खी बघितलेली. "तुझ्या नियमान माझीच पयली," असं म्हणून तिने सुरी खाली ठेवली आणि पाच वाटाणे मागून घेतले.

नियम माझाच होता, काय बोलणार? मी विचारलं, आज पहिल्या भागापासून लावली तर बघशील? काकीने जरा विचार केला. "आता? नको रे बाबा. तेवां बघी होतंय ता येगळा." तेव्हा आजी होती, दोन्ही आत्या होत्या, शेजारची बाय होती, चौघी-पाचजणी एका ताटात तांदूळ निवडत टीव्हीपुढे बसायच्या. मालिका निम्मी ऐकायची, निम्मी एकमेकींना सांगायची. त्यामुळे मधले पंधरा दिवस चुकले तरी काही बिघडत नव्हतं, आणि मला वाटतं ती तशीच बनवलेलीही होती. शहाणे लोक रोजच्या मालिकांना नावं ठेवतात तेव्हा हे हिशोबात धरत नाहीत. काकीचे वाटाणे मी मोजले. पण माझ्या यादीत एक अट वाढवली: परत लावली तर बघणार का?

खरी मारामारी झाली ती 'रात्रीस खेळ चाले'वर. ती तर आमच्या अंगणातली. आकेरी आमच्याकडून जवळच. सावंतवाडीच्या वाटेवर मालिकेतला तो नाईकांचा वाडा बघायला गाड्या थांबायच्या, आम्हीही पाहुण्यांना घेऊन गेलोय. 2016 मध्ये पहिला भाग आला तेव्हा गावात दोन तट पडले. एक म्हणायचे, कोकणाचं नाव निघालं की भुताखेतांशिवाय दुसरं काही सुचत नाही का? आता इथे कोण रात्री राहायला येणार? दुसरे खूश, कारण झी मराठीवर रोज रात्री मालवणी ऐकू येत होती. मोठे काका पहिल्या तटातले. "ह्यां खंयचा मालवणी?" हे त्यांचं रोजचं वाक्य, आणि ते म्हणायला रोज टीव्हीसमोर हजर. पांडूचं "इसारलंय" मात्र त्यांनीही उचललं. बिल भरायला विसरले की तेच सांगायचे.

त्या मालिकेची मला आवडलेली चाल निराळीच आहे. पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईक मरतात तिथून होते, सगळं घर त्यासाठी गोळा होतं. आणि 2019 ला दुसरं पर्व आणलं ते मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचं. पुढे काय होणार हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक, तरी माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता बघायला माणसं थांबली. 2021 चं तिसरं पर्व मी सोडलं. कुठे, ते आठवत नाही, हेच काय ते सांगण्यासारखं.

आता तुम्ही विचारलेले पाच, माझे.

पहिली 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. 2001 ला अल्फा टीव्ही मराठीवर आली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनावर बेतलेली. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. आबा, मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. कट नाही, कारस्थान नाही, जिन्यावरून कोणी ढकलत नाही. घरात एखादी वस्तू येते, शेखरचं ऑफिसात काही बिनसतं, शिऱ्या नवं खूळ काढतो, आणि हे सगळं म्हातारा डायरीत उतरवतो. प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, आणि आमच्या आजोबांना ते आपल्याच वयाचे वाटायचे. परवा जेवताना मुलीला एक जुना भाग लावून दिला. ती दहा वर्षांची. तिने आपणहून पुढचा लावला. मोठ्या काकांना मी त्या रात्री सांगितलं की काका, तुमचा चिमणराव आणि आमचे आबा एकच माणूस आहे, दोन्ही प्रभावळकरच, म्हणजे तुमचंही मत यात धरू का? त्यांनी मूठ सैल केली नाही, पण हसले.

दुसरी 'अग्निहोत्र'. स्टार प्रवाह वाहिनी 2008 मध्ये सुरू झाली तेव्हाची. नाशिकचा वाडा, पांगलेलं अग्निहोत्री कुटुंब, आठ गणपतींचं कोडं आणि ते सोडवता सोडवता रुसलेले नातेवाईक एकेक करून परत जोडणारा नील. विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे, शरद पोंक्षे एकाच मालिकेत, आणि कोणी कोणाला खात नाही. रहस्य होतं, पण आपण थांबायचो ते कोणता काका कोणाशी बोलणार आणि कधी, यासाठी. 2019 च्या शेवटी दुसरा भाग काढला, तो फार टिकला नाही.

तिसरी 'आभाळमाया'. ही शेवटीशेवटी लांबली, मला कबूल. तरी तिसरी, कारण नवरा दुसरीकडे गुंतल्याचं कळल्यावर सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी ज्या तऱ्हेने उभी राहिली, ती तऱ्हा पुढच्या वीस वर्षांत किती मालिकांनी वापरली ते मोजा. अगदी 'आई कुठे काय करते'पर्यंत. त्या मालिकेची मूळ गोष्ट बंगाली, पण आमच्या घरातल्या बायकांना अरुंधती ओळखीची वाटली ती सुधामुळे.

चौथं, 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व. पाचवी 'एका लग्नाची दुसरी गोष्ट': घना, राधा, 2012 ला सुरू आणि त्याच वर्षात बंद. भरात असताना संपवली म्हणून. 'असंभव' सहावी का, असं बहीण विचारणार आहे. उत्तर असं की परत लावायची माझी हिंमत नाही.

'वादळवाट'वाल्यांनी रागावू नये. अरुण नलावडेंचे आबा चौधरी मला आजही आठवतात, पण मी ती सोडली होती आणि वहीत तसं लिहिलेलं आहे.

घरच्या मतदानाचा निकाल विचाराल, तर तो लागला नाही. रात्री एकला शेजारच्या घरात भजन रंगात आलं म्हणून वाट्या तशाच मांडून आम्ही सगळे तिकडे गेलो. परत आलो तर लाइट आलेली, वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या, चिठ्ठ्या केराच्या सुपात. आणि चुलीशेजारी टोपात पाण्याखाली सगळी मतं एकत्र.

मी काकीकडे बघितलं.

"काय बघतंस? सकाळी उसळ कसली करतलंय, तुमच्या चिठ्यांची?"