वजन घटवण्याच्या बायपाससाठी आत्ताच हप्ते काढू, की मेडिक्लेमची मुदत भरू देऊ?

प्रश्न : वय ४३, उंची १६० सेंमी, वजन ९८ किलो. सात वर्षांपासून मधुमेह आहे. दोन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.१ येतं. मी मुलुंडला राहते, नोकरी फोर्टला. डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बायपास सुचवली आहे. खासगी रुग्णालयाचं पॅकेज ४ लाख ७५ हजारांचं आहे. याच महिन्यात नाव नोंदवलं तर ४० हजारांची सूट आणि १२ महिन्यांचे 'नो कॉस्ट' (बिनव्याजी) हप्ते मिळतील. माझा ५ लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्य विमा) २८ महिने जुना आहे आणि त्यात मधुमेहासाठी ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे तोवर त्यासाठीचा दावा मिळत नाही. यजमानांच्या कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात माझं नाव आहे. ३ लाख २० हजारांची एफडी, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी म्युच्युअल फंडात ६ लाख आणि ८० ग्रॅम सोनं, एवढी शिल्लक. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १० हजार हातात येतात, घराचा हप्ता २८ हजार. हप्ते काढून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, शस्त्रक्रियेचा निर्णय तुम्ही आणि डॉक्टरांनी पक्का केला आहे असं धरून सांगतो. या महिन्यात करू नका, आणि हप्त्यांवर तर नकोच. आठ महिने थांबणं वैद्यकीयदृष्ट्या चालेल का, हा प्रश्न आजच डॉक्टरांना विचारा. चालणार असेल, तर तुमच्या पैशाचं सगळं गणित त्या आठ महिन्यांवर उभं आहे.

सूट वजा जाता ४ लाख ३५ हजार, म्हणजे १२ महिने दरमहा ३६,२५०. शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. घराचा हप्ता धरून ६४,२५० रुपये गेले की घरखर्चाला ४५,७५० उरतात. काटकसरीने हेही निभेल. पण मला भीती आहे ती बिघाडाच्या बिलाची. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून आतड्याला जोडतात. शंभरात एखाद-दोन रुग्णांच्या बाबतीत ही जोडणी गळते. मग आयसीयू, दुसरी शस्त्रक्रिया, नळीवाटे आहार, दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम, आणि मुंबईत हे बिल सहज मूळ पॅकेजच्या पुढे जातं. पॅकेज असतं ते सुरळीत पार पडलेल्या शस्त्रक्रियेचं, साधारण तीन दिवसांचं. तुम्ही वेटिंग पिरियडमध्ये स्वतःच्या पैशाने शस्त्रक्रिया केली, तर तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा दावा नाकारायलाही विमा कंपनीला आधार मिळतो. म्हणजे डोक्यावर हप्ता, हातात रिकामी एफडी आणि वर ज्याचा आकडा कुणालाच माहीत नाही असं बिल. ४० हजारांच्या सवलतीसाठी हा धोका पत्करू नये.

आता मुदत भरल्यावर तरी दावा मंजूर होईल का, ते पाहू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३८.३ येतो (९८ भागिले १.६ चा वर्ग). आयआरडीएआय या विमा नियामकाने ठरवून दिलेल्या 'ओबेसिटी / वेट कंट्रोल' या कलमानुसार स्थूलतेची शस्त्रक्रिया दाव्यात बसायची तर रुग्ण १८ वर्षांवरील हवा, डॉक्टरांचा सल्ला आणि वैद्यकीय नियमांचा आधार हवा, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ किंवा जास्त असेल, तर कमी त्रासाचे उपाय फसलेले हवेत आणि जोडीला चारपैकी एक गंभीर आजार हवा : स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या धमन्यांचा विकार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र विकार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. तुम्ही या दुसऱ्या दारातून आत जाणार आहात. डॉक्टरांचे निकष याहून सैल आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासूनच शस्त्रक्रियेचा विचार सांगितला आहे. त्यामुळे "तुम्ही बसता" असं सर्जन म्हणाले, तरी विमा कंपनी तसंच म्हणेल असं नाही.

कंपनी पाहते ती फाइल. 'कमी त्रासाचे उपाय फसले' हे तोंडी सांगून चालत नाही, तारखेचे कागद लागतात. आजपासून दर महिन्याला आहारतज्ज्ञाकडे जा, वजन त्यांच्याच लेटरहेडवर लिहून घ्या, फिजिशियनच्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर वजन आणि औषधाचा डोस असू द्या, एचबीए१सी दर तीन महिन्यांनी त्याच लॅबमधून करा. मागची सात वर्षं जे काही केलंत त्याचे जुने कागदही शोधून काढा. तुम्ही घोरता का हे लिहिलं नाहीत. घोरत असाल तर रात्रभराची स्लीप स्टडी करून घ्या. श्वास थांबण्याचं प्रमाण तासाला ३० किंवा त्याहून जास्त निघालं तर ते तीव्र समजतात. मग मधुमेहाच्या जोडीला दुसरा निकषही तुमच्या बाजूला येईल, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ही माहिती आधी लागतेच.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणा, असं डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण वाढलेल्या साखरेत जखम नीट भरत नाही. पण शेवटचा एचबीए१सी ७.८ आला की 'मधुमेह तर आटोक्यात आहे' म्हणून दाव्यावर प्रश्न येऊ शकतो. म्हणून नऊच्या वरचे सगळे जुने रिपोर्ट आणि त्या वेळचा इन्सुलिनचा डोस फाइलमध्ये हवाच. दुसरी गोष्ट वजनाची. तुमच्या उंचीला ३५ बीएमआय म्हणजे ८९.६ किलो. यकृत लहान व्हावं म्हणून शस्त्रक्रियेआधी सुमारे दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार देतात, तो सुरू होण्याआधी कॅशलेसचा (कंपनीने बिल परस्पर रुग्णालयाला भरावं यासाठीचा) अर्ज गेलेला असावा. मात्र महिनोन्‌महिने टिकून वजन ८९ किलोच्या खाली आलं आणि साखरही उतरली, तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच डॉक्टरांपुढे नव्याने ठेवा. विम्यात बसावं म्हणून वजन राखून ठेवणं, हे कधीही करू नका.

यजमानांच्या ग्रुप मेडिक्लेमकडे तुमचं पुरेसं लक्ष गेलेलं दिसत नाही. बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड माफ असतो. पण काहींत स्थूलतेची, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया वगळलेली असते किंवा तिच्यावर रकमेची मर्यादा असते. यजमानांनी एचआरकडून पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागवावं. एक पानी माहितीपत्रकावर विसंबू नये. तिथे संरक्षण असेल, तर आठ महिन्यांनी चित्र असं दिसेल : आधी ग्रुपमधून ३ लाख, उरलेले पावणेदोन लाख तुमच्या फ्लोटरमधून आणि गुंतागुंत झालीच तर फ्लोटरचे आणखी सव्वातीन लाख हाताशी. आजच ग्रुपवर शस्त्रक्रिया केली, तर पावणेदोन लाख खिशातून जातील आणि पाठीशी काहीच नसेल. यजमानांची नोकरी बदलायची शक्यता असेल तर मात्र हे गणित उलटं होतं. ग्रुपचं संरक्षण नोकरीबरोबर संपतं.

तुमच्या फ्लोटर कंपनीला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा : बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेला मधुमेहाखेरीज वेगळा वेटिंग पिरियड आहे का, तिच्यावर रकमेची मर्यादा आहे का, आणि रूम रेंटची मर्यादा किती. तिसरा प्रश्न मुंबईत सर्वांत महाग पडतो. ५ लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ५ हजारांची खोली. तुम्ही ८ हजारांची घेतली, तर नुसते वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे दरही खोलीप्रमाणे चढतात, म्हणून कंपनी हे खर्च ५ भागिले ८ या प्रमाणातच देते. हा भाग २ लाखांचा असेल तर ७५ हजार तुमच्या अंगावर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. ट्विन शेअरिंग (दोघांत एक खोली) घ्या, आणि एस्टिमेट त्याच खोलीचं मागा. विम्याची रक्कम आत्ता वाढवून उपयोग नाही. वाढीव रकमेला वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून मोजतात. नूतनीकरण मात्र एक दिवसही चुकवू नका.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत काढून बघा. त्यात वजन किती लिहिलंय? एजंटने स्वतःच्या मनाने ७५ लिहिलं असेल, तर दाव्याच्या वेळी तेच पुढे येईल. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर फसवणुकीचा आरोप सिद्ध केल्याशिवाय कंपनी असा मुद्दा काढू शकत नाही, पण तुमचे जेमतेम अडीच वर्षं होत आली आहेत. चूक असेल तर आजच लेखी दुरुस्ती द्या. प्रीमियम वाढला तरी चालेल.

रुग्णालयाकडून एस्टिमेट घेताना स्टेपलरची (जठर आणि आतडं पिनांनी शिवणाऱ्या यंत्राची) किती कार्ट्रिज धरली आहेत आणि जादा लागल्यास एकेकाची किंमत काय, हे लिहून घ्या. बिल फुगतं ते बऱ्याचदा इथेच. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टू-डी इको, रक्तातलं बी-१२, डी आणि थायरॉइड, मानसोपचारतज्ज्ञांची भेट हे पॅकेजमध्ये आहे की बाहेर, तेही विचारा. बाहेर असेल तर ३० ते ४० हजार वेगळे काढा. पॉलिसीत भरतीआधीचे ३० किंवा ६० दिवस मोजतात. या तपासण्या त्याच खिडकीत करा आणि मूळ बिलं जपा. कॅशलेसचा अर्ज आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, असा २०२४ पासून नियम आहे. तरी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचा अर्ज, वर म्हटल्याप्रमाणे, कमी कॅलरीचा आहार सुरू होण्याआधीच द्या, कारण शंका निघाली तर कागद जोडायला वेळ लागतो.

नंतरचा खर्च कोणत्याच पॅकेजमध्ये नसतो आणि तो जन्मभराचा आहे. मल्टिव्हिटॅमिन, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट, डी, लोह आणि बी-१२ हे सगळं रोज किंवा ठरलेल्या अंतराने घ्यावंच लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. पैसे वाचवायला लोक दुसऱ्या वर्षी हेच बंद करतात, मग रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. पहिल्या महिन्यांत जेमतेम वाटीभर खाणं होतं, तेव्हा पावडर लागते. पहिल्या वर्षासाठी तपासण्यांसह ७० ते ८० हजार आणि पुढे दरवर्षी ३० हजार मी बाजूला ठेवतो. इन्सुलिनचा डोस काही दिवसांतच उतरू शकतो, पण सात वर्षं जुना आणि इन्सुलिनपर्यंत गेलेला मधुमेह पूर्ण जाईल असं गृहीत धरून औषधांचा खर्च बजेटमधून काढून टाकू नका. सैल पडलेल्या त्वचेची शस्त्रक्रिया कॉस्मेटिक समजतात, तिला विमा नाही. कामावर दोन-तीन आठवड्यांनी जाता येईल; मुलुंड ते सीएसएमटी गर्दीची लोकल आणि जड पिशव्या मात्र दीड महिना टाळायच्या. बिनपगारी रजा लागणार असेल तर तीही खर्चात मोजा.

वजन आणि साखर उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो या इंजेक्शनाच्या ५ मिलिग्रॅमच्या एका वायलची किंमत त्या वेळी ४,३७५ होती. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर. बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. मला ते शस्त्रक्रियेला स्वस्त पर्याय वाटत नाही. मधल्या आठ महिन्यांत साखर उतरवायला उपयोगी आहे का, एवढंच डॉक्टरांना विचारा.

दावा नाकारला गेला तर कलमासह लेखी कारण घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाची मुदत असते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि थांबणं धोक्याचं आहे असं डॉक्टर म्हणाले, तर थांबू नका. आधी ग्रुपवर कॅशलेस मागा. ते नाकारलं गेलं, तर एफडीतले दीड लाख वापरा आणि बाकीच्यासाठी बँकेतून सोनेतारण कर्ज घ्या. ४ लाख ५० हजारांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १५,३८० पडतो आणि व्याजच लाखाच्या वर जातं; सोनेतारण त्याहून स्वस्त मिळतं आणि हातात पैसे येतील तसं फेडता येतं. एफडीतले उरलेले १ लाख ७० हजार गुंतागुंतीसाठी तसेच ठेवा. मुलीच्या फंडाला हात लावू नका.