आधी वायर, मग शिफ्टर

प्रश्न : दादा नमस्कार, मी मुलुंडला राहतो, वय २३. मागच्या वर्षी सेकंडहँड रोडबाइक घेतली, शिमानो कंपनीचा टूर्नी गिअर सेट, पुढे २ मागे ७ चकत्या. गिअर सोडायचं बटण अंगठ्याने दाबावं लागतं आणि हात ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वळणात) असले की अंगठा तिथे पोचतच नाही. पावसाळ्यापासून गिअर पण नीट पडत नाहीयेत. ग्रुपमधले सगळे म्हणतात डायरेक्ट शिमानोचा वरचा १०५ सेट टाक. बजेट १० हजार. काय करू?

उत्तर : ग्रुपमधल्यांना सांग, पैसे तुम्ही भरताय का. अरे १०५ चे नुसते शिफ्टर (गिअर बदलायच्या लिव्हर) घेऊन काहीच होत नाही. १०५ आता १२ स्पीड आहे, म्हणजे मागे १२ चकत्या, त्याच्या आधीचं ११ होतं. म्हणजे शिफ्टर आला की मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आला, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आली, चेन आली आणि तुझ्या चाकावर ती कॅसेट बसणारच नाही म्हणून चाक पण आलं. त्यापेक्षा त्या पैशात थोडे घालून दुसरी सायकल बघितलेली बरी.

तुझ्या पत्रात दोन वेगळे त्रास आहेत आणि तू दोन्ही एकाच पिशवीत भरलेत. गिअर नीट पडत नाहीत हा एक आणि अंगठ्याचं बटण हा दुसरा. पहिल्यासाठी शिफ्टर लागतच नाही. एक बघ, मागच्या मोठ्या चकतीवर चेन जाते पण लहानवर उतरताना उशीर करते किंवा दोनदा दाबावं लागतं, असं होतंय का? तर ती वायर आहे, दुसरं काही नाही. मोठ्याकडे जाताना तू जोर लावून वायर ओढतोस, लहानकडे जाताना मात्र डिरेलरची बिचारी स्प्रिंगच ओढते, वायर अडकली की तीच हरते. मुंबईत जूनपासून चार महिने पाणी आणि वर खारी हवा, मागच्या डिरेलरजवळचा आउटरचा (वायरवरच्या नळीचा) तो शेवटचा वाकडा तुकडा आहे ना, त्यात पाणी जाऊन बसतं आणि आतून गंजतो, बाहेरून काळा कुळकुळीत नवा दिसतो. पेडलच्या खाली फ्रेमला प्लॅस्टिकची पट्टी असते जिच्यावरून वायर जाते, तिथे चिखलाचा लगदा झालेला असणार, ती पण साफ करून घे. स्टेनलेस वायर आणि नवा आउटर टाक, आणि मेकॅनिक समोर असताना बघ की गिअरला गिअरचाच आउटर टाकतोय, ४ एमएमचा. उलटं तर कधीच चालणार नाही, गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबल्यावर फाटू शकतो, ही गंमत नाही.

वायर नवी टाकूनही गिअर भलतीकडेच पडत असतील तर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो फ्रेमचा कान, वाकलाय. बिल्डिंगखाली कुणाची तरी स्कूटर लागते, सायकल उजव्या कुशीवर आडवी होते आणि कुणी सांगत नाही. हँगर सरळ करायचं टूल चांगल्या दुकानात असतं.

आता बटण. हा त्रास खरा आहे, मी पण भोगलाय, पाम बीच रोडवर समोरून वारा असताना खाली वाकायचं आणि गिअरसाठी परत वर यायचं, वैताग. यासाठी शिमानोच्याच क्लॅरिस ८ स्पीडचे शिफ्टर बघ, त्यात बटण नाही, ब्रेक लिव्हरच्या मागे छोटी लिव्हर असते, बोटाने दाबायची. मागचा डिरेलर तुझाच चालेल, कारण शिमानोच्या ७, ८, ९ स्पीडमध्ये वायर ओढण्याचं गणित एकच आहे. आणि काटकसरीची खरी गोष्ट ही की चाक लगेच बदलायची पण गरज नाही. ७ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ५ एमएम, ८ मध्ये ४.८. सहा उड्यांमध्ये मिळून फरक पडतो १.२ एमएम, मधल्या चकतीवर नीट सेट केलं की दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा वाटला जातो आणि चालून जातं. एक क्लिक रिकामा राहील, तो डिरेलरच्या लिमिट स्क्रूने (चेन टोकाच्या पलीकडे जाऊ न देणारा स्क्रू) बंद करायचा. चेन पण तीच. पुढचा डिरेलर मात्र शिफ्टरच्याच सिरीजचा घे, तिथे पिढ्यांमध्ये फरक आहे आणि तो फार महाग नसतो.

पुढे कधी ८ ची कॅसेट टाकावीशी वाटली तर आधी हब (चाकाचा मधला भाग) ओळख. मागचं चाक काढ, चकत्या उलट्या फिरव, टूल घालायच्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागीच राहिल्या तर फ्रीव्हील, म्हणजे हबवर अख्खा आट्यांनी बसणारा संच. बहुतेक तुझं फ्रीव्हीलच निघणार. ८ चं फ्रीव्हील मिळतं पण त्यात एक्सलचा उजवा भाग जास्त उघडा पडतो, आपल्या खड्ड्यांत वाकतो, तेव्हा त्या फंदात पडू नको, चाकच घे.

सेकंडहँड घेणार असशील तर डोळे उघडे ठेव. काळबादेवीला जा नाहीतर कुणाकडून घे, शिमानोच्या जुन्या २३०० ला आणि ३४०० नंबरच्या सोरालाही तेच अंगठ्याचं बटण आहे, म्हणजे पैसे देऊन तोच त्रास घरी आणशील. नंबर लिव्हरवर असतो. शिफ्टर हातात घेऊन क्लिक मोज, ८ स्पीडला सात क्लिक यायला हवेत, प्रत्येक स्पष्ट. लिव्हर नुसतीच फिरते आणि काही पकडत नाही असं झालं तर लगेच टाकून द्यायचा नसतो, आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं, स्प्रे मारून धुतलं आणि हलकं तेल सोडलं की पुष्कळदा जिवंत होतो. मात्र ही गोष्ट विकणाऱ्याला सांगायची नाही, भाव पाडून घ्यायचा! नवं पण स्वस्त हवं तर तैवानच्या मायक्रोशिफ्टचा ८ स्पीड सेट शिमानोशी जुळतो, क्लिक जरा कडक वाटतात इतकंच.

म्हणजे क्रम असा ठेव, या रविवारी वायर-आउटर, मग महिनाभर चालव, आरेत जा, येऊरचा चढ मार, आणि तरीही बटणाने छळलं तरच शिफ्टर.

प्रश्न : आमच्या ह्यांची जुनी स्टीलची रेसिंग सायकल आहे, गिअरचे खटके खालच्या तिरप्या दांडीवर आहेत. मी ५४ वर्षांची, सकाळी दादरहून मरीन ड्राइव्हला जाते. नवे ब्रेकमधले शिफ्टर बसतील का?

उत्तर : ताई, बसतील, पण बसवू नका असं माझं मत. शिमानोने ब्रेकमधले शिफ्टर १९९० मध्ये आणले, तुमची सायकल त्याआधीची असेल तर फ्रेममध्ये मागच्या चाकासाठीची जागा बहुतेक १२६ एमएम असते, ८ आणि त्याहून जास्त स्पीडच्या चाकांना १३० लागते. स्टील आहे म्हणून ताणता येतं, पण ते जाणत्या माणसाचं काम आहे. आणि तुमच्या खटक्यांना क्लिक नसतील तर बिघडायला आत काही नाही. हात खाली न्यायची भीती वाटत असेल तर हँडलच्या टोकाला बसणारे शिफ्टर मिळतात, ते घ्या. नाहीतर नुसती वायर बदला, आणि चढावर गिअर आपोआप सुटत असेल तर खटक्याच्या मधला स्क्रू घट्ट करा, बऱ्याच जुन्या खटक्यांना त्यासाठी छोटी कडी असते, हातानेच फिरते, केम्प्स कॉर्नरचा चढ लागायच्या आधी एकदा फिरवून घेत जा.