आधी पोट बिघडतं की आधी जीव घाबरा होतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभर पोटात कळ येते, सकाळी तीन-चार वेळा जावं लागतं, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे (म्हणजे आतडं दिसायला ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं), टेन्शन घेऊ नका. त्यात कंपनीच्या बसमध्ये दोनदा पॅनिक अटॅक आला, म्हणून आपल्या नाशिकच्या जेलरोडहून गोंदे गावाला जाणारी ती बस सोडून तुम्ही आता हायवेने दुचाकीवर जाता. आणि विचारताय की यात आधी काय, पोट की मन?

मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. पण हे दोन्ही पाहुणे माझ्याकडे सहा वर्षं मुक्कामाला होते, म्हणून लिहितेय.

कॅश काउंटरवर पोट बिघडणं म्हणजे काय, तर समोर रांग असताना ड्रॉवरला कुलूप लावायचं, किल्ली मुठीत धरायची, ‘दोन मिनिटं हं’ म्हणत काउंटर बंदची पाटी उलटवायची आणि चेहरा शक्य तितका सरळ ठेवून मागच्या दाराकडे चालायचं. धावायचं नाही. दिवसातून एकदा चालतं. अकराच्या आत तिसऱ्यांदा पाटी उलटली की पेन्शनवाले आजोबा घड्याळाकडे बघतात. एकदा मुरडा दाबून धरत नोटा मोजल्या आणि पाचशेच्या दोन नोटा कुणाला तरी जास्त गेल्या. संध्याकाळी टॅली लागेना. हजार रुपये माझ्या खिशातून गेले, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसायच्या आधीच पोटात गोळा आला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येते.

उपाय करणारे घरात खूप होते. सासूबाई म्हणाल्या बेंबी सरकलीय. शेजारच्या काकूंनी ओवा दिला, एका वैद्यांनी ग्रहणी (आयुर्वेदातला पोटाचा एक विकार) म्हणून बेलाचा मुरंबा दिला. मुरंबा छान होता.

पहिला पॅनिक अटॅक पुण्याच्या बसमध्ये आला. ट्रेनिंगला निघाले होते, ठक्कर बझार स्टँडहून गाडी सुटली आणि द्वारका चौकात अडकली. द्वारकेचं तुम्हाला सांगायला नको. वीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. पोटात एक बारीक कळ आली, एरवी लक्षही गेलं नसतं अशी. पण डोक्यात आलं, आत्ता लागली तर? त्या एका विचारासरशी छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, हातपाय गार, श्वास पुरेना. आता आपण मरणार, नाहीतर सगळ्यांदेखत कपडे खराब होणार. खरं सांगते, यातलं दुसरं जास्त भयंकर वाटत होतं. उतरले, रिक्षाने एका दवाखान्यात गेले. ईसीजी नॉर्मल. ‘गॅसेस आहेत’ म्हणून एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

त्या वीस मिनिटांत काय झालं ते मला दोन वर्षांनी एका पोटविकारतज्ज्ञांनी समजावलं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. ते मेंदूला न विचारताही पचनाचं काम हाकू शकतं. त्याची आणि मेंदूची बोलणी ज्या व्हेगस नसेतून चालतात, तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडून वर जाणारे असतात. म्हणजे पोट सांगतं जास्त आणि ऐकतं कमी. मेंदूला धोका वाटला की ताणाची रसायनं सुटतात. त्यांनी जठर मंदावतं, म्हणून मळमळतं, आणि मोठं आतडं पळायला लागतं, म्हणून संडासला धावावं लागतं. परीक्षेच्या दिवशी हे सगळ्यांनाच होतं. आयबीएसवाल्यांत भर अशी की आतल्या जाणिवेचा आवाजच मोठा झालेला असतो. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत दिसलंय की इतरांना जेवढ्या फुगवट्याने काही वाटत नाही, तेवढ्याने आयबीएस असलेल्या बऱ्याच जणांना दुखतं. दुखणं खरं असतं. सोनोग्राफीत ते दिसत नाही, कारण ती आतड्याचा आकार दाखवते, आवाज नाही.

आता तुमचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात लोकांना १२ वर्षांच्या अंतराने तपासून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला पोट ठणठणीत पण चिंता जास्त, अशांना पुढे पोटाचे असे विकार जास्त झाले. आणि उलटही दिसलं: सुरुवातीला पोटाचा त्रास होता पण चिंता नव्हती, त्यांची चिंता पुढे वाढलेली आढळली. २०२१ मध्ये पन्नास हजारांहून जास्त आयबीएस रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात आयबीएसशी जोडलेल्या काही जागा चिंता आणि नैराश्याशीही जोडलेल्या निघाल्या. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असंच नाही, दोघांचं मूळ काही अंशी एकच असू शकतं. माझ्यापुरतं म्हणाल तर सुरुवात पोटाने केली. एका लग्नातल्या जेवणानंतर आठवडाभर जुलाब झाले, आणि पोट त्यानंतर पूर्ववत झालंच नाही. आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर आयबीएस सुरू होणं हे डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. पण द्वारकेच्या त्या सकाळनंतर कोण कुणाला ढकलतंय ते कळेनासं झालं, आणि ते शोधण्यात मी तीन वर्षं घालवली.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मात्र मला कधीच पटलं नाही. टेन्शन काय दुकानातून घेतो आपण?

एक गोष्ट आधी पक्की करा. रिपोर्ट नॉर्मल म्हणता, पण त्यात काय काय तपासलं? शौचातून रक्त, आपोआप घटलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर आयबीएसच्या नावावर थांबू नका, परत जा. थायरॉइड केलंय का तेही बघा. ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली की जुलाब, धडधड आणि घाबरेपणा हे तिन्ही एकत्र येऊ शकतात. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲकची रक्तचाचणीही विचारा. हे सगळं नीट निघालं आणि पोटदुखी आठवड्यातून निदान एक दिवस, तीन महिने, आणि शौचाला जाणं, किती वेळा जावं लागतं, शौचाचं स्वरूप यांतल्या निदान दोन गोष्टींशी जोडलेली असेल, तर आयबीएस ओळखायच्या २०१६ च्या रोम निकषांत ते बसतं. मग निदानावर विश्वास ठेवायचा. मी तिसरी सोनोग्राफी केली होती, फुकट पैसे गेले.

खाण्याचं थोडक्यात. मी लासलगावकडची, आणि मला आहारतज्ज्ञांनी सांगितलं कांदा बंद! माहेरी सांगायची सोय नाही. पण कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांतल्या काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात आणि वायू धरतात, हे खरं आहे. चार-सहा आठवडे बंद करून एकेक परत सुरू करायचं असतं, जन्मभर बंद नाही. माझ्या बाबतीत गहू निर्दोष सुटला, कच्चा कांदा आणि उपाशीपोटीचा चहा दोषी ठरले. मिसळ खाते, वरचा कच्चा कांदा काढून.

खरा फरक पडला तो दुसरीकडे. डॉक्टरांनी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, प्रवासाची तयारी काय काय करता? मी सांगत गेले. आदल्या संध्याकाळपासून जेवत नाही. दाराजवळची सीट धरते. जुलाब थांबवायची गोळी निघतानाच घेते. पिशवीत कपड्यांचा जोड असतो. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, कुठल्या स्टँडवर बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं, कुठे कडी लागत नाही, कुठे पाच रुपये सुटे लागतात, सगळं तोंडपाठ. (बायकांसाठी ही भीती नुसती मनातली नाही, हे लिहायलाच हवं.) बाई म्हणाल्या, यातल्या प्रत्येक तयारीने तुम्ही मेंदूला सांगताय की पुढे धोका आहे. मग तो पोटावर पहारा ठेवतो, आणि पहारा ठेवला की बारीक कळही मोठी ऐकू येते. हजार रुपये गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी काउंटरला बसायच्या आधीच गोळा आला होता, तो हाच पहारा.

मग एकेक तयारी सोडायची. आधी सिटीलिंकच्या शहर बसने निमाणी ते नाशिकरोड, खिडकीची सीट, पर्समध्ये गोळी नाही. कळ आली की घड्याळ बघायचं, श्वास हळू सोडायचा, आणि उतरायचं नाही. पहिल्या दिवशी मी शालिमारलाच उतरले. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले. कळ आली, चढली, सहा मिनिटांनी उतरली. पॅनिकचंही तसंच असतं, काही मिनिटांत कळस गाठतो आणि मग ओसरतो. पण आपण दर वेळी कळसाला उतरून पळतो, म्हणून ओसरताना त्याला कधी बघितलेलंच नसतं. सिन्नरला जायला महिना लागला, पुण्याला पाच.

सोबत औषधही होतं. रात्री ॲमिट्रिप्टिलीन, अगदी कमी मात्रेत. पाकिटावरचं नाव गुगल करून ‘डिप्रेशनची गोळी’ वाचल्यावर मी आठवडाभर घेतलीच नाही. पण कमी मात्रेत ती आतड्याच्या दुखऱ्या नसांवर काम करते. २०२३ मध्ये इंग्लंडात ४६३ रुग्णांवर तपासणी होऊन ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली. माझं तोंड कोरडं पडायचं, बाकी त्रास नाही. तुम्हाला कुठली लागेल ते डॉक्टर ठरवतील. पॅनिक जास्त असेल तर ते वेगळी देतात, आणि तिने पहिले काही आठवडे पोट थोडं जास्त ढिलं होऊ शकतं, तेव्हा घाबरून मध्येच सोडू नका. समुपदेशकाची फी परवडत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट.

तुमच्या बसबद्दल एक सुचवते. सकाळच्या बसपासून सुरुवात करू नका. उठल्यावर आणि नाश्त्यानंतर मोठं आतडं सगळ्यांचंच जोरात चालतं, म्हणजे परीक्षा अवघड पेपरानेच सुरू होईल. पहिले पंधरा दिवस फक्त येतानाची बस धरा. सकाळी गोंद्यापर्यंत कुणा सहकाऱ्याच्या मागे बसून जा. संध्याकाळी बसमध्ये बसा, दारापासून लांब, आणि पाथर्डी फाट्याला कळ आली तर घड्याळ बघा. किती मिनिटं लागली ते इथे लिहा, मला जाणून घ्यायला आवडेल.