मालिकेवर आधारित विज्ञान-कादंबरीत मूळ पात्रांचं प्रेम किती पुढे न्यावं?

न्या, पण मालकाला, म्हणजे मालिकेचे हक्क ज्याच्याकडे त्याला, विचारून. आमच्या आर्वीकडे वावर ठेक्यानं केलं तर पीक आपलं, धुऱ्यावरची बाभूळ मात्र मालकाची, तसंच हे. पुढच्या सिनेमात त्या दोघांचं काय होणार, हे कादंबरीकाराच्या हाती नसतं. म्हणून हुशार लेखक मागच्या काळात शिरतो. 'स्टार ट्रेक'च्या 'इमझाडी'त (१९९२) लेखक पीटर डेव्हिडनं मालिकेतल्या रायकर-ट्रॉय या जोडीचं प्रेम रंगवलं ते मालिकेच्या आधीचं, बेटाझेड ग्रहावरचं. तिथं रान मोकळं होतं. लग्न मात्र पडद्यावरच लागलं, २००२ मध्ये.

नाहीतर जोडीदारच नवा आणा. 'स्टार वॉर्स'मध्ये कादंबरीकार टिमथी झाननं १९९१ मध्ये मारा जेड आणली, तीही नायक ल्यूकच्या जिवावर उठलेली! सूत जुळायला पुढं कितीतरी पुस्तकं गेली, म्हणूनच ते पटतं. (२०१४ मध्ये मालकांनी तो सगळा संसार 'लेजेंड्स', म्हणजे मूळ कथेत न धरायच्या दंतकथा, म्हणून बाजूला काढला, ते सोडा.)

लिहायला बसलाच असाल तर एक पाहा बाप्पा: प्रेमात पडली म्हणून 'स्टार वॉर्स'मधली लेआ तिच्या हॅनला टोचून बोलायची थांबली, तर वाचक पुस्तक मिटतो. तिचा आवाज वाचकाच्या कानात पक्का बसलेला असतो. आधी दोघांचं भांडण लिहून पाहा. ते जमलं तरच पुढचं पान.