वाचक विचारतात: रस्ता नसलेला बीच

प्रश्न: लेक एडिनबराला असते, जूनमध्ये स्कॉटलंडच्या सँडवुड बीचला न्यायचं म्हणतीय, पण तिथं रस्ताच नाही म्हणे! माझा गुडघा दुखतो, जाऊ का?
– एक काकू, राजारामपुरी

उत्तर: काकू, रस्ता खरंच नाही, ब्लेअरमोरला गाडी लावायची आन तिथनं साडेसहा किलोमीटर चालायचं, येताना परत तेवढंच, म्हणजे तेरा झाले, तवा आधी महिनाभर रंकाळ्यावर फेऱ्या मारून गुडघा काय म्हणतोय बघा. मालवण डोक्यात धरून जाऊ नका, भेळ सोडा, चहाची टपरीपण नाही, दशम्या-चटणी बांधून न्या. पाणी जूनमध्येपण बर्फागत. उजेड मात्र रात्री दहाच्या पुढंपण असतो, त्यामुळं निवांत चाला. वारा पडला की मिज नावाची बारकी चिलटं लई चावतात, फुल बाह्यांचं घाला.