फातिमा गैलानींच्या वाटेने जायचं असेल तर

चि. स अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. फातिमा गैलानींसारखं काम करायचंय असं लिहितोस, पण या अफगाण बाईंचं नेमकं कोणतं काम? 1980 च्या दशकात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या, तेव्हा त्या लंडनमध्ये मुजाहिदीनांच्या, म्हणजे त्या फौजांशी लढणाऱ्या अफगाण गटांच्या, प्रवक्त्या होत्या. वडील पीर सय्यद अहमद गैलानी स्वतःच एका मुजाहिदीन पक्षाचे प्रमुख, म्हणजे बाजू उघड होती. पुढे दहाहून अधिक वर्षं, 2016 पर्यंत, त्या अफगाण रेड क्रेसेंटच्या, म्हणजे तिथल्या रेड क्रॉसच्या, अध्यक्ष होत्या. तिथे बाजू घेण्याची सोयच नाही. मग सप्टेंबर 2020 मध्ये कतारमधल्या दोह्यात तालिबानसमोर वाटाघाटींना बसलेल्या, तेव्हाच्या अफगाण प्रजासत्ताकाच्या 21 जणांच्या चमूत त्या होत्या, त्यातल्या चार स्त्रियांपैकी एक. पुन्हा एका बाजूच्या. रेड क्रेसेंट सोडल्यावर चार वर्षांनी त्या वाटाघाटींना बसल्या, हा क्रम नजरेआड करू नकोस. दोन टोप्या एकाच वेळी घालता येत नाहीत.

तुला आधी मधलं, म्हणजे रेड क्रेसेंटचं, काम शिकायला हवं, कारण अवघड तेच आहे. अफगाण रेड क्रेसेंट 1934 पासूनची संस्था. जगभरच्या अशा राष्ट्रीय संस्थांप्रमाणे तीही मानवतावादी कामात सरकारची मदतनीस, पण निर्णयाने स्वतंत्र. ही तारेवरची कसरत आहे. सरकारी ताफ्यासोबत गेलात तर पलीकडचा गावात येऊ देत नाही, आणि पलीकडच्याशी बोललात तर काबूलमधले भुवया उंचावतात.

त्यावर उत्तर 1949 च्या चारही जिनिव्हा करारांत सामाईक असलेल्या कलम 3 मध्ये आहे. ते पाठ कर. निःपक्षपाती मानवतावादी संस्था संघर्षातल्या पक्षांना आपली सेवा देऊ करू शकते, आणि या कलमाच्या अंमलबजावणीने त्या पक्षांच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही, असं त्यात म्हटलंय. म्हणजे ‘तालिबानशी बोललात म्हणजे मान्यता दिलीत’ या आरोपाला कायद्यातच उत्तर आहे. अधिकाऱ्यासमोर भावनेवर जाऊ नकोस, कलम दाखव.

आता रस्त्यावरचं काम. औषधांचा ट्रक दोन्ही बाजूंच्या भागांतून न्यायचा असेल तर दोन्हीकडे एकच मजकूर जातो: मार्ग, तारीख, निघण्याची आणि पोचण्याची वेळ, गाडीचा नंबर, रंग, चालकासह सगळ्यांची नावं, आत काय माल. एका बाजूला जास्त तपशील दिलास आणि ते दुसरीला कळलं, तर पुढचा फेरा बंद. गाडीत हत्यार नाही, सोबत सशस्त्र पहारा नाही, वाटेत गणवेशातल्या कुणालाही लिफ्ट नाही. मात्र जखमी हा जखमी, तो कुठल्याही बाजूचा असो. त्याचं हत्यार बाहेर ठेवून त्याला दवाखान्यात नेता येतं.

बिघडतं ते बहुधा इथे: वरच्या कमांडरने होकार दिलेला असतो, पण नाक्यावरच्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून शेवटच्या नाक्यापर्यंत निरोप पोचल्याची खात्री फोनवरून, त्याच सकाळी. ऐनवेळी चालक बदलला तर यादी पुन्हा पाठवायची, नाहीतर गाडी थांबवून ठेव. अंधार पडण्याआधी परतायचं, यात सूट नाही.

चिन्ह हेच संरक्षण आहे, म्हणून ते स्वच्छ ठेवायचं असतं. आपल्याकडे डॉक्टरांच्या गाड्यांवर लाल क्रॉस सर्रास दिसतो. 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्टनुसार तो परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

वाटपाच्या यादीबद्दल. गावच्या वडीलधाऱ्यांनी दिलेली यादी घ्यावीच लागते, पण त्यात विधवा आणि अलीकडे विस्थापित होऊन आलेली कुटुंबं हमखास गळतात. म्हणून बायकांशी बायकांनीच वेगळं बोलायचं. ते जमलं नाही तर निम्मं गाव यादीबाहेर राहतं. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांमध्ये स्त्रियांना कामाची बंदी घातली, तेव्हा अनेक मोठ्या संस्थांनी काम थांबवलं. त्यामागे तत्त्वाइतकंच हे व्यवहारी कारणही होतं. आकडे मात्र तोंडपाठ हवेत: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 2,100 किलोकॅलरी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर. हे स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर वापरले जाणारे, मापदंड. देणगीदार आधी हेच विचारतो.

दोह्याबद्दल थोडक्यात. 12 सप्टेंबर 2020 ला बोलणी सुरू झाली आणि नुसत्या कामकाजाच्या नियमांवर सहमती व्हायला 2 डिसेंबर उजाडला. वाद दोन गोष्टींवर होता: मतभेद मिटवताना फक्त हनाफी फिक्हच (सुन्नींच्या न्यायशास्त्राची एक परंपरा) धरायचा का, आणि 29 फेब्रुवारी 2020 चा अमेरिका-तालिबान करार हा पाया मानायचा का. बाहेरून हे फाटे फोडणं वाटतं. पण 2004 च्या अफगाण राज्यघटनेने शियांना कौटुंबिक बाबींत त्यांचं न्यायशास्त्र दिलं होतं. पहिल्याच पानावर हनाफी मान्य केलं असतं तर तेच धोक्यात आलं असतं. नियमांचा मसुदा बारकाईने वाचणारा माणूस चमूत लागतो तो यासाठीच. गैलानी या राज्यघटनेच्या कामात होत्या, आणि लंडनच्या मुस्लिम कॉलेजात त्यांनी इस्लामी न्यायशास्त्र शिकलेलं होतं. समोरच्याच्या ग्रंथातून युक्तिवाद करता येणं ही त्यांची खरी शिदोरी. तुझ्या एमबीएपेक्षा ती जास्त कामाला येईल, राग मानू नकोस.

तर आता कर काय? जिल्ह्याच्या रेड क्रॉस शाखेत नाव घाल. बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारीच अध्यक्ष असतात, त्यामुळे सरकारशी जवळ राहूनही वेगळं कसं राहायचं, हे तिथे रोज बघायला मिळेल. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घे. दरी ही अफगाणिस्तानातली फारसी भाषा शीक, पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आलेत, शिकवणारा मिळेल. लिपी आधी, गप्पा नंतर.

आणि एक काम देतो. एखाद्या दवाखान्यावर हल्ला झाला असं धर आणि दहा ओळींचं निवेदन लिही: कुठे, कधी, कोण जखमी, दवाखाना बंद पडल्याने किती लोकांची सोय गेली. हल्ला कुणी केला ते लिहायचं नाही, ‘दहशतवादी’ हा शब्द नको, ‘शूर’ हाही नको. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्याने वाचून खाली ठेवावं, फाडू नये, इतपत जमलं की पाठव. लाल पेनाने परत करीन.

तुझा,
काका