आम्झहाउसला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडमधल्या एका खेड्याचं वर्णन मराठीत आणताना ‘आम्झहाउस’साठी ‘धर्मशाळा’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते नको. धर्मशाळेत वाटसरू उतरतो, रात्र काढतो आणि पुढे जातो. आम्झहाउसमध्ये गावातलं गरीब, थकलेलं माणूस राहायला जातं ते बहुधा कायमचंच. ‘वृद्धाश्रम’ अर्थाने जवळ येतो, पण त्याने डोळ्यांपुढे सामाईक खोल्या, ओळीने मांडलेल्या खाटा आणि पंगत उभी राहते.

खाटा होत्या, पण फार पूर्वी. मध्ययुगात लांब दालन, दोन्ही कडांना खाटा आणि टोकाला प्रार्थनामंदिर अशी रचना असे. चिचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये (नाव हॉस्पिटल, पण आहे आम्झहाउसच) असं दालन अजून उभं आहे. सतराव्या शतकात त्याच्या आतच भिंती घालून राहत्या खोल्या काढल्या आणि त्या भल्याथोरल्या छपरातून विटांची धुराडी वर आली. आजही तिथे माणसं राहतात.

ऑक्सफर्डशरमधल्या यूएल्म गावचं आम्झहाउस तर मला फारच आवडतं. कवी चॉसरची नात अ‍ॅलिस आणि तिचा नवरा, सफकचा अर्ल विल्यम द ला पोल, यांनी ते १४३७ साली १३ गरीब पुरुषांसाठी स्थापन केलं. मधे चौक, भोवती विटांची घरं, चौकाच्या कडेने फिरणारी ओसरी: चौसोपी वाडा पाहिलेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. वर लगतच चर्च, कारण संस्थापकांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करणं ही राहणाऱ्यांची बांधिलकी होती. म्हणूनच अशा काही वास्तूंना ‘बीड हाउस’ म्हणतात. ‘बीड’ म्हणजे मुळात प्रार्थना. प्रार्थना मण्यांवर मोजत, म्हणून तोच शब्द पुढे मण्याला चिकटला.

चिपिंग कॅम्डनला १६१२ च्या सुमारास सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी बांधलेली १२ घरं मात्र रस्त्याकडेला एका रांगेत आहेत. मधाळ रंगाचा कॉट्सवोल्ड भागातला दगड, छप्पर सलग, घर ज्याचं त्याचं. इंग्रजीत अशा रांगेला बहुतेकदा अनेकवचनीच नाव असतं आणि मराठीतही ते अनेकवचन राखायला हवं.

म्हणून मी ‘धर्मादाय घरं’ सुचवेन. ‘धर्मादाय’ आपल्याकडे बोलण्यात आणि सरकारदरबारी जिवंत आहे, आणि ‘आम्झ’चा, म्हणजे दानाचा, मूळ ग्रीक शब्दही दयेचाच. रांग असेल तर ‘धर्मादाय घरांची ओळ’, चौक असेल तर ‘धर्मादाय वाडा’ म्हणा.

मजकुरात ‘हॉस्पिटल’ आलं तर विशेष जपा. विंचेस्टरचं बाराव्या शतकातलं ‘हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस’ हे आम्झहाउसच आहे. त्याचं ‘रुग्णालय’ केलंत तर तिथले म्हातारे उगाच आजारी पडतील.